कायोच्या डाव्या हाताचा मोजा

मी एक जुना हातमोजा आहे. चामड्याचा, डाव्या हाताचा, बेसबॉलच्या खेळातला. सांता रिता साखर कारखान्याच्या क्लबात बिलियर्डच्या टेबलामागे एक काचेची पेटी आहे, तिच्यात मी राहतो. राहतो कसला, डांबलेला आहे. माझ्या मनगटाच्या पट्टीतून एक पितळी खिळा आरपार ठोकला आहे. मी घसरून पडू नये म्हणून, असे ठोकणारा म्हणाला होता. काचेला कुलूपही आहे, म्हणजे मी पळून जाईन अशी त्यांना धास्ती असावी! बाहेर लोक डॉमिनोच्या सोंगट्या आपटतात, रम पितात, भांडतात, पुन्हा गळ्यात गळे घालतात. मला सारे दिसते, निम्मेअर्धे ऐकूही येते. पण मला काही सांगायचे असेल तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरे काय.

पेटीखाली एक पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'थोर खेळाडू लेओकादियो पेनिस्टन यांचा हातमोजा. यातून चेंडू कधी सुटला नाही.'

मित्रांनो, ही पाटी खोटी आहे. चेंडू सुटले. एकदा नाही, अनेकदा सुटले. ते का सुटतात हे गावात सगळ्यांच्या आधी मला कळले होते, आणि मलाच ते सांगता आले नाही. आता पुन्हा तशीच वेळ आली आहे आणि मी पुन्हा काचेआड आहे. म्हणून आज तुम्ही काचेला नाक लावून उभे आहात तर माझी गोष्ट पुरती ऐकून जा.

माझा जन्म फेर्मिनमास्तरांच्या दुकानात झाला. मास्तर खेचरांची खोगिरे शिवायचे. कारखान्याच्या मुकादमासाठी एक भारी खोगीर शिवून झाल्यावर जे तुकडे उरले, त्यांतून मी घडलो. त्यामुळे कुणी कुणाला खोगीरभरती म्हणून हिणवले की मला मनातून हसू येते. कायो तेव्हा ऊस तोलण्याच्या काट्यावर कामाला होता. लेओकादियो हे त्याचे नाव फक्त पाद्रीबाबा घ्यायचे, बाकी सगळ्यांसाठी तो कायो. अंगाने हडकुळा, ताडमाड उंच आणि बोलायला लाजणारा. त्याचा बाप इंग्रजांच्या बेटांवरून ऊस तोडायला आलेला, क्रिकेट खेळणारा. पोराने गोल दांडू हातात धरला म्हणून तो वर्षभर त्याच्याशी नीट बोलला नव्हता.

"हा हात म्हणायचा की फावडं?" कायोचा डावा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवत मास्तर म्हणाले. "एवढं चामडं आणू कुठून? अख्खं खेचर सोलावं लागेल."

"थोडा लहान केलात तरी चालेल, मास्तर."

"गप रे. पहिल्या बेसवर उभा राहणार तू. सगळ्या गड्यांचे चेंडू तुझ्याकडे येणार. एक सुटला तर लोक तुला सोडतील आणि माझ्या शिलाईला शिव्या देतील. या गावाची खोडच आहे ती, माणूस चुकला की वस्तूला बडवायचं."

मास्तर थट्टेत बोलले होते. पण त्यांचे बोल किती खरे ठरणार होते, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते.

नवा मोजा लाकडासारखा ताठ असतो. त्याला एरंडेल चोळावे लागते, पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळावे लागते आणि गादीखाली दाबून ठेवावे लागते. तेव्हा कुठे त्याच्यात चेंडूसाठी खळगा बसतो. कायोचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. त्याची बायको नेरेइदा एका सकाळी फणकारली.

"लग्नाला वर्ष झालं नाही तोवर गादीत तिसरं माणूस! वर एरंडेलाचा घमघमाट. याला काढतोस की मी आईकडे जाऊ?"

"आणखी थोडे दिवस, नेरे. खळगा बसू दे."

"माझ्या पाठीत बसलाय खळगा! हात लावून बघ!"

पण मित्रांनो, खरी गोष्ट सांगू? कायो काट्यावर गेला की हीच नेरेइदा मला बाहेर काढायची, दारात उन्हाला बसायची आणि बोटाने माझ्या शिवणीशिवणीत तेल जिरवायची. तिच्याइतके चांगले तेल मला पुढे कुणीच लावले नाही.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. काय दिवस होते ते! ओनेसिमो हा आमच्या संघाचा कप्तान. बुटका, तोंडाळ, पायाला भिंगरी लावलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांच्या, मधली जागा त्याची. जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू उचलायचा आणि सारे मैदान ओलांडून माझ्याकडे फेकायचा, हे त्याचे काम. त्याचा चेंडू माझ्या खळग्यात बसला की दारावर थाप पडावी तसा आवाज व्हायचा. ओनेसिमो तिकडून ओरडायचा, "घरात आहे का कोणी?" कायो मला उंच करून उत्तर द्यायचा, "आहे, आहे!" आणि सारी गॅलरी हसायची. कारखान्याच्या संघाकडून, मग प्रांताच्या संघाकडून, मग साऱ्या देशाच्या संघाकडून कायो खेळला, पण हा खेळ त्या दोघांनी कधी सोडला नाही. लाजऱ्या कायोचे मैदानावरचे बोलणे तेवढेच.

आमच्या वेळी एक छान रीत होती. बॅटिंगची पाळी आली की खेळाडू आपले मोजे मैदानातच, गवतावर टाकून जात. मीही पहिल्या बेसच्या मागे उताणा पडून असायचो. वर आभाळ, कारखान्याच्या चिमणीचा धूर, वाऱ्याला मळीचा वास. कधी कधी दुसऱ्या संघाच्या खेळाडूचा पाय अडखळायचा, तो शिवी हासडायचा, आणि मला तेही आवडायचे. मला कुणी बांधलेले नव्हते आणि तरी माझा हात परत येणार याची मला खात्री होती. आता खिळ्यावर लटकताना मी सगळ्यांत जास्त आठवण काढतो ती त्या गवताची.

आता दुसरी एक रीत सांगतो. ती मात्र वाईट होती, म्हणजे निदान मला तरी ती वाईट वाटते. आमच्याकडे एखाद्या खेळाडूचे नशीब जोरावर असले की त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बोलले की नजर लागते, फुकू लागतो. फुकू म्हणजे पनवती. कायोने खेळायला सुरुवात केल्यापासून एकही सामना चुकवला नव्हता. तापात खेळला, मोडक्या करंगळीने खेळला, बापाला माती देऊन परस्पर मैदानावर येऊन खेळला. लोक त्याच्याबद्दल देवासारखे बोलत, पण त्याच्या पाठीमागे. त्याच्या तोंडावर एक प्रश्न साऱ्या सांता रितात कुणी विचारत नव्हते. तो म्हणजे "कायो, बरा आहेस ना?" भाजीवालीला विचारतील, गाडीच्या बैलाला विचारतील, पण कायोला नाही. त्याला तसे विचारणे म्हणजे त्याच्या अखंड खेळाला आपल्या हाताने नख लावणे. ही लोकांची माया होती, मित्रांनो. वाईट कुणाच्याच मनात नव्हते.

आणि एका हंगामात मला काहीतरी वेगळे जाणवले.

कायोचा हात माझ्यात सैल पडू लागला. अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये तळहाताला एक मऊ उंचवटा असतो ना, तुमचाही चाचपून बघा. माझ्या अस्तराला त्या उंचवट्याची इतक्या वर्षांची ओळख होती. तो उंचवटा ओसरत चालला होता. पुढे तिथे चक्क खोलगट लागू लागले. चेंडू आला की कायो मला मिटायचा, पण मिटण्यातला जोर गेला होता. मी माझ्या परीने मिटायचो. खेचराच्या चामड्याला जेवढे मिटता येते तेवढे.

ओनेसिमोला हे कळले नसेल? त्याला कळले. त्याचे चेंडू हळूहळू मवाळ होऊ लागले. पूर्वी तो गुडघ्यापाशी, डोक्यावरून, कसाही फेकायचा. आता तो अलगद, नेमका छातीसमोर चेंडू द्यायला लागला, लहान मुलाला द्यावा तसा. थाप पडेनाशी झाली. ओनेसिमोचे ओरडणेही थांबले. बाकावर बसताना संघातली मुले कायोपासून जरा दूर बसत, आदराने. नेरेइदा सामन्याच्या दिवशी त्याच्या शर्टाची बटणे लावून देऊ लागली. तो उभा राहायचा, ती लावायची, आणि दोघेही खिडकीबाहेर बघायचे.

मी आतून ओरडत होतो, 'अरे, कुणीतरी विचारा त्याला!' पण हातमोज्याचे ओरडणे कोण ऐकणार?

मग चेंडू सुटला. साधा चेंडू, झेपेल असा. माझ्या टोकाला लागला आणि पायाशी पडला. गॅलरीत कुणी ओरडले नाही. त्या शांततेपेक्षा शिव्या परवडल्या असत्या. पुढच्या सामन्यात आणखी एक सुटला, मग आणखी एक. बॅट तर त्याच्या हातून एकदा फिरत जाऊन तारेच्या जाळीवर आदळली. आता काहीतरी करणे भाग होते. हाताबद्दल बोलायचे नाही, मग बोलायचे कशाबद्दल? गावाने माझ्याकडे बोट दाखवले. मोजा बाटला. मोज्याला फुकू लागला. कुणी म्हणे, विरोधी संघातल्या एकाने गवतावर पडलेला असताना माझ्यावरून पाय टाकला. कुणी म्हणे, त्याने माझ्यात थुंकलेले आपण या डोळ्यांनी पाहिले.

एका दुपारी कायो काट्यावर असताना नेरेइदाने मला एप्रनमध्ये गुंडाळले आणि मैदानाच्या गॅलरीखालच्या सामानाच्या खोलीत नेले. तिथे ओनेसिमो एकटाच उभा होता.

"आणलात, वहिनी?"

"आणला. काय करणार आहेस याचं? जाळणार?"

"वेड लागलंय का? इतक्या हंगामांचा घाम मुरलाय यात त्याचा. मोजा जळला तर हात जळेल. लोखंडी कपाटात कोंडायचा, फुकू बाहेर पडू नये म्हणून लाल फीत बांधून. नशीब फिरलं की काढू."

"आणि तो विचारेल तेव्हा काय सांगू?"

"सांगा, मास्तरांची नजर गेलीय म्हणून वाद्या बदलायला राजधानीला पाठवलाय. तोवर तो नवा परदेशी मोजा वापरेल."

नेरेइदाने मला दिले नाही. ती एप्रनवरून माझी बोटे दाबत राहिली.

"ओनेसिमो, हल्ली त्याच्या शर्टाची बटणं…"

"नको!" ओनेसिमोने दोन्ही कानांवर हात ठेवले. "पाया पडतो तुमच्या, वहिनी, बोलू नका. हंगाम चालू आहे."

तिचे वाक्य अर्धेच राहिले. माझ्या मते, मित्रांनो, त्या अर्ध्या वाक्यात सगळे होते. ते पुरे झाले असते तर कायो त्याच महिन्यात डॉक्टरकडे गेला असता. आजार बरा झाला असता असे मी म्हणत नाही, तो बरा होणारा नव्हताच. पण तो एकटा तरी पडला नसता. पण ओनेसिमोने मला घेतले, लाल फीत आवळली, कपाटात टाकले आणि किल्ली फिरवली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला ते असे.

कपाटात अंधार होता. माझ्यासोबत एक फुटके शिरस्त्राण, चुन्याची पिशवी आणि उंदीर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अवस्था माझी झाली. सुरुवातीला मला राग आला. मग भीती वाटू लागली, कारण माझे अंग वाळत होते. तेल नाही, ऊन नाही, हात नाही. शिवणींवर बुरशी आली. खळग्यात चेंडूऐवजी उंदराने चिपाडाचे घरटे केले. ज्या जागी मी मिटायचो तिथे मी ताठ होत चाललो होतो, आणि मला सारखे वाटायचे की तिकडे कायोच्या हाताचेही असेच चालले असेल. आम्ही दोघे आपापल्या जागी कोंडले गेलो होतो. मी लोखंडात, तो स्वतःच्या अंगात.

माझ्या डोक्यावरच गॅलरीच्या फळ्या होत्या. सामन्याच्या दिवशी पायांचा दणदणाट व्हायचा. मग अचानक सारे पाय स्तब्ध व्हायचे आणि मला कळायचे, आणखी एक सुटला. नवाकोरा परदेशी मोजा होता, त्याला ना फुकू होता ना काही. तरी सुटत होते. तेव्हा तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेल असे मला वाटले. पण लोकांनी आता बुटांना दोष द्यायला सुरुवात केली होती.

शेवटी कायो स्वतःच बोलला. सामना सुरू व्हायच्या आधी तो खाली सामानाच्या खोलीत आला, ओनेसिमो पाठोपाठ. मी कपाटात, ते बाहेर. मध्ये एक पत्रा.

"आज मला बाकावर बसव," कायो म्हणाला.

"काय बोलतोस, मर्दा! आजवर एकही सामना…"

"माहितीय. बसव."

ओनेसिमोने काही विचारले नाही. तेव्हाही नाही. फक्त हुंदका दिल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मग पावले वर गेली. राजधानीच्या डॉक्टरांनी पुढे सांगितले की नसा वाळवत नेणारा आजार आहे, हातांपासून सुरू झाला आहे, वर वर चढत जाणार आहे आणि त्याच्यावर औषध नाही. कायोचा खेळ संपला. वय काही फार नव्हते हो. त्याच्या वयाचे कितीतरी जण त्यानंतर पाच-सात हंगाम खेळले.

त्याला निरोप द्यायला सारे गाव मैदानावर लोटले. कारखान्याने त्या दिवशी भोंगा वाजवला, गळीत हंगाम सुरू होताना वाजवतात तसा लांबलचक. बँड होता, पाद्रीबाबा होते, भाषणे होती. भाषणे गॅलरीतूनच चालली होती आणि मी खाली कपाटात होतो. मग कर्ण्यातून त्याचा लाजरा आवाज आला.

"मला बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. लोक हसले. "या गावानं मला भरपूर दिलं. आज एकच चुटपुट आहे. माझा मोजा राजधानीहून आला असता तर बरं झालं असतं. आज मी त्याला हातात घालून उभा राहिलो असतो. अजून बोटं थोडी मिटतात."

अजून बोटे थोडी मिटतात! मी राजधानीला नव्हतोच. मी त्याच्या पायाखाली होतो. त्याच्या बुटांचे वजन फळ्यांवर कुठे पडले आहे तेसुद्धा मला कळत होते. किल्ली ओनेसिमोच्या गळ्यात, दोरीत ओवलेली होती, आणि तो कायोच्या शेजारीच उभा होता. त्याने एक पाऊल जिन्याकडे टाकले असते तर काम झाले असते. पण कपाट उघडायचे म्हणजे ते का बंद केले हे साऱ्या गावासमोर सांगायचे. मी पावलांची वाट बघत राहिलो. टाळ्या झाल्या, बँड वाजला, माणसे पांगली. पावले आली नाहीत.

पुढे कारखाना बंद असण्याचे महिने आले. ऊस संपला की आमच्याकडे मजुरी संपते आणि माणसे दारात बसून आपल्याच मनाशी भांडतात. ओनेसिमोचेही तसेच झाले असावे. एका दुपारी कपाट उघडले. त्याने मला उचलले, चिपाडे झटकली, बुरशी सदऱ्याने पुसली आणि काखेत मारून चालू लागला.

कायो ओट्यावर झुलत्या खुर्चीत बसला होता. नेरेइदा त्याला हिरव्या केळ्यांचा मँगू चमच्याने भरवत होती. त्याचे दोन्ही हात मांडीवर ठेवलेले होते. हो, ठेवलेले. दुसऱ्या कुणीतरी उचलून ठेवलेले. ओनेसिमो पायरीपाशी थांबला आणि त्याने मला पुढे केले.

कायोने माझ्याकडे पाहिले, मग लाल फितीकडे. मग तो हसला.

"सुटला का रे बिचारा? जामीन कोण राहिलं?"

"तुला ठाऊक होतं?" ओनेसिमोचा आवाज चिरकला.

"राजधानीत वाद्या बदलायला कुणी पाठवतं का, ओनेसिमो? कपाटाबाहेर दोन वेळा येऊन उभा राहिलो होतो मी. आतून एरंडेलाचा वास येत होता."

"मग मागितला का नाहीस? मला शिव्या का नाही दिल्यास?"

"मागितला असता तर का कोंडला ते तुला सांगावं लागलं असतं. मग हाताचा विषय निघाला असता."

"आणि हाताचं? मला ठाऊक आहे हे तुला कधी कळलं?"

"तुझे चेंडू मऊ पडायला लागले ना, तेव्हा. म्हटलं, याला कळलंय. आता हा विचारेल. आज विचारेल, उद्या विचारेल." कायोने थांबून श्वास घेतला. बोलतानाही त्याला आता थांबावे लागत होते. "मी रोज वाट बघायचो रे. बाकावर माझ्या शेजारी तुझ्यासाठी मुद्दाम जागा ठेवायचो."

"तू तरी बोलायचंस!"

"मी पण याच गावचा, गड्या."

ओनेसिमो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. नेरेइदाने मँगूचा वाडगा खाली ठेवला. तिने माझी फीत तोडली, घरातून एरंडेल आणले आणि तिथेच बसून माझ्या बोटाबोटात जिरवले. पूर्वीसारखेच. मग तिने कायोचा डावा हात उचलला आणि माझ्यात घातला. एकेक बोट सरळ करून, उशीला अभ्रा घालतात तसे. मी त्या हाताला लगेच ओळखले. उरला होता फार थोडा, पण तोच होता.

"टाक," कायो म्हणाला.

ओनेसिमोने खिशातून जुना चेंडू काढला. डोळे पुसले. चार पावलांवरून त्याने तो इतका हळू टाकला की वाटेत पडेल असे वाटले. चेंडू माझ्या खळग्यात आला. मिटायला जोर नव्हता. ना त्याच्यात, ना माझ्यात. चेंडू काठावर डळमळला. तेवढ्यात नेरेइदाने आपले दोन्ही हात बाहेरून माझ्याभोवती घातले आणि आम्हाला मिटले.

"घरात आहे का कोणी?" ओनेसिमोने विचारले.

"आहे," कायो म्हणाला. "आहे, आहे."

मित्रांनो, देशाच्या संघाकडून खेळताना झेललेले कितीतरी चेंडू मी विसरलो आहे. हा नाही विसरलो.

त्यानंतर ओनेसिमो रोज यायचा आणि आल्याआल्या पहिला प्रश्न तोच विचारायचा, "बरा आहेस ना?" कायो कधी म्हणायचा "नाही," कधी म्हणायचा "आज जरा बरा." मग दोघे निवांत बोलत बसायचे. कायो गेला तेव्हा नेरेइदाची इच्छा होती की मला त्याच्या हातात घालून त्याच्यासोबत पाठवावे. पण क्लबाच्या मंडळींनी गळ घातली, गावाची शान आहे म्हणाले, आणि ती भिडेखातर हो म्हणाली. पेटी आली, पाटी आली, खिळा आला. ज्यांनी पनवती म्हणून मला कोंडले होते त्यांनीच आता मानाने कोंडले. आतल्याला फरक फारसा पडत नाही. नेरेइदा होती तोवर दर रविवारी काच उघडवून तेल लावायची. तीही गेली. आता माझ्या वाद्यांना चिरा पडल्या आहेत आणि खळग्यात चेंडू नाही, कापसाचा बोळा आहे.

या पेटीची किल्लीही ओनेसिमोकडेच आहे. तो आता फार म्हातारा झाला आहे. तुम्ही त्याला पाहिले आहे, तोच तो, कोपऱ्यात डॉमिनो खेळणारा, सगळ्यांच्या फिरक्या घेणारा. साऱ्या गावाला तो हवाहवासा वाटतो. रोज संध्याकाळी घरी जाताना तो माझ्यापाशी येतो, काचेवर बोटाने थाप मारतो आणि विचारतो, "घरात आहे का कोणी?" मी आत असतो. उत्तर देता येत नाही.

पण हल्ली त्याची थाप मला नीट ऐकू येत नाही. पूर्वी ठणठणीत असायची, आता बोट काचेवरून नुसते घसरते. परवा त्याच्या हातून सोंगटी पडली. सगळे हसले, तोही हसला. काल पेटी पुसायला त्याने किल्ली काढली, ती खाली पडली. उचलायला गेला, पुन्हा पडली. त्याने इकडेतिकडे पाहिले. टेबलावरच्या माणसांनी पटकन आपापल्या सोंगट्यांत डोके घातले. बिचाऱ्याला लाज वाटू नये म्हणून! मग त्याने डावा हात खिशात घातला आणि मोठ्याने एक विनोद सांगितला.

म्हातारपण असेल. देव करो आणि तेवढेच असो. पण मी तो खिशात घातलेला हात पाहिला आहे, आणि तशी माया करणारी माणसेही मी याआधी पाहिली आहेत.

म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती आहे, मित्रांनो. मला बाहेर काढा, मला तेल लावा, पाटी बदला, हे सगळे मागून केलेत तरी चालेल. माझे काय, मी चामडे आहे, आणखी थोडी वर्षे लटकेन. आधी त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी जा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्याच्या शेजारची खुर्ची बघा, रिकामी आहे ना? तिच्यावर बसा आणि त्याला विचारा, "आजोबा, बरे आहात ना? हात बघू."